शाळेतल्या शाश्वततेचा सर्व्हे : प्रश्नावली नेमकं काय मोजते?

शिक्षणशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात संशोधन करायचं म्हटलं की एक विषय हमखास पुढे येतो. "अमुक तालुक्यातील माध्यमिक शाळांमधील विद्यार्थी व शिक्षकांच्या पर्यावरणविषयक अभिवृत्तीचा अभ्यास." तालुक्याचं नाव बदलतं. 'अभिवृत्ती'च्या जागी कधी 'जाणीव' येते, हल्ली 'शाश्वतता' येते. सांगाडा मात्र तोच राहतो: एक तयार प्रश्नावली, दोनशेच्या आसपास विद्यार्थी, थोडे शिक्षक, पाच पर्यायांची उत्तरं, टी-टेस्ट आणि शेवटी शिफारस, "विद्यार्थ्यांमध्ये जाणीवजागृती करणे आवश्यक आहे."

तुमच्यापैकी काही जणांच्या सिनॉप्सिसमध्ये हाच विषय असणार. विषय वाईट नाही. शाळेत शिकणारी आणि काम करणारी माणसं आपल्याच शाळेच्या पाण्याबद्दल, कचऱ्याबद्दल, झाडांबद्दल काय विचार करतात हे कुणीतरी विचारलंच पाहिजे. माझी तक्रार विचारण्याच्या पद्धतीबद्दल आहे. या सांगाड्यात मुलांचं मत सापडतच नाही असं माझं म्हणणं आहे, आणि ते का, हे आज टप्प्याटप्प्याने बघू.

उदाहरणासाठी नेसरी घेते. गडहिंग्लजहून चंदगडकडे जाताना लागणारं, घटप्रभेच्या खोऱ्यातलं हे गाव बहुतेकांना प्रतापराव गुजरांमुळे माहीत असतं. भोवती ऊस आणि भात, पश्चिमेला घाट, आसपासच्या खेड्यांतून एसटीने शाळेला येणारी मुलं. आपण ज्या प्रश्नावल्या वापरतो त्या तयार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असं गाव कधीच नव्हतं, म्हणून हे उदाहरण सोयीचं. खाली येणारी शाळा 'समजा' या प्रकारातली आहे. तिथे गोळा केलेला डेटा म्हणून ती वाचू नका.

हा विषय इतका का चालतो?

कारण मागणी आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याच्या दिशेने आदेश दिले. पुढे पदवीच्या सगळ्या शाखांना पर्यावरणाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. २००१-०२ पासून शाळांमध्ये राष्ट्रीय हरित सेना आली. २००५ ते २०१४ हे संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासासाठी शिक्षणाचं दशक म्हणून पाळलं. आपल्याकडे अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा श्रेणीचा विषय आहे. महाविद्यालयांना नॅकच्या सातव्या निकषासाठी ग्रीन ऑडिट लागतं.

इतकं सगळं सुरू झालं की त्याचा परिणाम मोजणंही आलंच. मग मोजायची सगळ्यात स्वस्त पद्धत कोणती? प्रश्नावली. दोन तासिका मागून घेतल्या की डेटा हातात.

प्रश्नावल्या येतात कुठून?

भारतातल्या शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत डॉ. हसीन ताज यांची पर्यावरण अभिवृत्ती मापनी बरीच दिसते. आंतरराष्ट्रीय पातळीवर सगळ्यात जास्त वापरलेली मापनी म्हणजे डनलॅप आणि व्हॅन लिअर यांची 'न्यू इकॉलॉजिकल पॅराडाइम', थोडक्यात एनईपी. पहिली आवृत्ती १९७८ ची, बारा विधानांची. सुधारित आवृत्ती २००० सालची, पंधरा विधानांची. अलीकडे स्वीडनमध्ये तयार झालेली 'सस्टेनेबिलिटी कॉन्शसनेस क्वेश्चनेअर' वापरात आली आहे. गेरिके आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तिची ४९ विधानांची मोठी आणि २७ विधानांची छोटी आवृत्ती मांडली. ती ज्ञान, अभिवृत्ती आणि वर्तन अशा तीन भागांत, प्रत्येकात पर्यावरण, समाज आणि अर्थकारण अशा तीन बाजू तपासते.

ही साधनं फालतू नाहीत, हे आधी मान्य करू. एनईपीमुळे वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या काळांची तुलना शक्य झाली. स्वीडनच्या साधनाने सहावी, नववी आणि बारावीच्या मुलांची तुलना झाली, तेव्हा नववीच्या वयात ही जाणीव खाली जाते असं दिसलं. वय वाढेल तशी समज वाढतच जाते या आपल्या समजुतीला धक्का देणारा हा निष्कर्ष आहे. चांगलं साधन योग्य ठिकाणी वापरलं की असं काहीतरी हाती लागतं. पण तेच साधन भाषांतर करून नेसरीच्या वर्गात नेलं की काय होतं?

पहिली अडचण : भाषांतरात बाजू उलटते

एनईपीत आठ विधानं पर्यावरणाच्या बाजूची आणि सात विरुद्ध बाजूची आहेत. कारण चांगलं आहे. सगळ्यालाच "सहमत" म्हणत जाणारा माणूस त्यामुळे ओळखता येतो. आता विरुद्ध बाजूची दोन विधानं त्यांच्या आशयासह बघा. एकाचा आशय असा : आपण नीट विकसित करायला शिकलो तर पृथ्वीवर संसाधनं भरपूर आहेत. दुसऱ्याचा आशय : माणसाच्या कल्पकतेमुळे पृथ्वी राहण्यालायक उरेलच.

आपल्या पाठ्यपुस्तकांवर वाढलेल्या आठवीच्या मुलाला ही दोन्ही वाक्यं चांगली वाटणार. "संसाधनं नीट वापरायला शिका" हे तर त्याला तिसरीपासून परिसर अभ्यासात सांगितलेलं आहे. तो आनंदाने "पूर्ण सहमत"वर टिक करतो आणि आपण त्याला पर्यावरणविरोधी गुण देतो. एका विधानात पृथ्वीची तुलना मर्यादित जागेच्या अंतराळयानाशी केली आहे. ती उपमा १९६० च्या दशकातल्या अमेरिकेत घरोघरी पोचली होती. इथे ती आधी समजावून सांगावी लागते, आणि समजावून सांगताना आपण उत्तरही सुचवत असतो.

'शाश्वतता' हा शब्दच घ्या. मराठीत 'शाश्वत' म्हटलं की आत्मा, सत्य, असं काहीतरी कधीच न संपणारं डोळ्यांसमोर येतं. आपल्याला म्हणायचं असतं ते याच्या उलट : संपू शकतं, म्हणून जपून वापरा. त्यासाठी घराघरांत साधा शब्द आहे, 'पुरवून वापरणं'. पाणी पुरवून वापर, हे नेसरीतल्या कुठल्याही मुलाने घरात ऐकलेलं असतं. प्रश्नावलीत मात्र ते सापडत नाही.

दुसरी अडचण : होकार फुकट असतो

"झाडं लावली पाहिजेत." "प्लास्टिक कमी वापरलं पाहिजे." समोर शिक्षक उभे आहेत, प्रश्नावलीवर हजेरी क्रमांक लिहायचा आहे आणि महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे हे मुलाला माहीत आहे. "असहमत" कोण म्हणणार? शिक्षकांचंही तसंच. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसून भरलेल्या फॉर्मवर "आमच्या शाळेत पाण्याचा अपव्यय होतो" असं कोण लिहील?

सांगणं आणि वागणं यातलं अंतर समाजशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. ला पिएर यांचा १९३४ चा अभ्यास मिळाला तर जरूर वाचा. ते एका चिनी दांपत्याबरोबर अमेरिकेत फिरले, सुमारे अडीचशे हॉटेलं आणि खानावळींत गेले. नकार एकाच ठिकाणी मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असं कळवलं. तिथे माणसं बोलण्यात वाईट आणि वागण्यात बरी निघाली. पर्यावरणाच्या बाबतीत बहुधा उलट होतं. पण मुद्दा एकच : कागदावरचं उत्तर हे कागदासमोरचं वागणं असतं.

आता आकडेवारीकडे वळू. पाचपैकी सरासरी ४.४ आली, मुलगे-मुलींत फरक 'सार्थ' आला नाही, म्हणून "शून्य परिकल्पना स्वीकारली" असं प्रबंधात लिहिलं जातं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. फरक सापडला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. आणि सगळेच वरच्या टोकाला चिकटले असतील तर फरक दिसायला जागाच उरत नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर एकेक करून दोन उसाच्या गाड्या चढवल्या तर काटा दोन्ही वेळा शेवटच्या आकड्यावर अडकेल. त्यावरून दोन्ही गाड्यांचं वजन सारखं, असं आपण म्हणत नाही.

"पण अल्फा ०.८ च्या वर आहे!" असं व्हायवाला सांगितलं जातं. क्रोनबाखचा अल्फा उत्तरं एकमेकांशी किती जुळतात एवढंच सांगतो. सगळी विधानं एकाच दिशेची असतील तर काही मुलं सरसकट "पूर्ण सहमत" आणि काही सरसकट "सहमत" म्हणत जातात. तेवढ्यानेही अल्फा वाढतो. तो सुसंगती दाखवतो. तुम्हाला मोजायचं होतं तेच मोजलं गेलं का, याचं उत्तर त्यात नसतं.

तिसरी अडचण : गरज सद्गुणात जमा होते

हा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो. वर्तनाच्या प्रश्नांत प्रवासाबद्दल, पाण्याबद्दल, वस्तू पुन्हा वापरण्याबद्दल विचारलं जातं. आसपासच्या खेड्यातून एसटीने येणारी मुलगी "सार्वजनिक वाहन वापरते" याला "नेहमी" लिहिते. तिला बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास आहे आणि घरी दुसरी सोय नाही. मोठ्या बहिणीची पुस्तकं, भावाचं दप्तर, हंड्याने आणलेलं पाणी... तिचे गुण चढत जातात. उद्या घरात दुचाकी आली, नळ आला, की गुण उतरतील. मग आपण मोजलं काय? तिची पर्यावरणाची जाणीव की तिच्या घरची मिळकत?

याच प्रकारातलं आणखी एक विधान एनईपीत आहे. वनस्पती-प्राण्यांना माणसाइतकाच जगण्याचा हक्क आहे, असा त्याचा आशय. आजरा-चंदगड पट्ट्यात गव्यांचे कळप उसात, भातात उतरतात. गेल्या वीसेक वर्षांत कर्नाटकातून आलेले हत्तीही या भागाने पाहिले. ज्या मुलाच्या वडिलांनी रात्र रात्र राखण केली आहे, त्याने "असहमत" लिहिलं तर तो पर्यावरणविरोधी झाला का? गवा कधी येतो, कुठून येतो, कशाला बिचकतो, हे त्याला शहरातल्या "पूर्ण सहमत" मुलापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. हक्काबद्दलचं त्याचं मत त्याला भरपाई कधी मिळाली, किती मिळाली यावरही ठरतं. पाच चौकोनांत हे मावत नाही. आणि आपण ते न विचारताच त्याला 'कमी जाणीव' गटात टाकून मोकळे होतो.

चौथी अडचण : 'कर्मचारी' म्हणजे फक्त शिक्षक?

शीर्षकात "विद्यार्थी व कर्मचारी" असतं, नमुन्यात मात्र शिक्षकच असतात. आता शाळेतलं रोजचं काम बघा. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई ठरवतात की आज सिलिंडर पुरेल की चूल पेटवावी लागेल. भांडी धुतलेलं पाणी परसबागेत जातं की गटारात, हे त्यांना माहीत असतं. टाकीचा कॉक कोण बंद करतं, वर्गातला कचरा कुठे नेऊन जाळला जातो, पावसाळ्यात लावलेल्या रोपांना एप्रिल-मे महिन्यात पाणी कोण घालतं? शिपाई मामा. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने अनुदानित शाळांमधल्या शिपाई पदांऐवजी भत्ता देण्याचं धोरण घेतलं. उन्हाळ्यात झाडं का जगत नाहीत याचं अर्धं उत्तर कदाचित तिथे असेल. पण प्रश्नावली त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, कारण 'अभिवृत्ती' शिकलेल्यांना असते असं आपण न बोलता धरून चालतो.

निष्कर्षात दोष कुणाच्या पदरात पडतो?

आता ती शेवटची शिफारस पुन्हा वाचा : जाणीवजागृती करणे आवश्यक. गंमत बघा. सरासरी जास्त आली तरी शिफारस हीच, कमी आली तरी हीच. डेटा काहीही आला तरी जो निष्कर्ष बदलत नाही, त्यासाठी डेटा गोळा करायची गरजच नव्हती.

त्याहून वाईट म्हणजे दोष मुलांवर येतो. शाळेत कचरा जाळला जातो, कारण तो उचलायला व्यवस्था नाही. नळ गळतो, कारण दुरुस्तीला पैसे नाहीत. आणि आपण लिहितो की मुलांना समज कमी आहे. कोलमस आणि अग्येमन यांनी २००२ मध्ये जाणीव आणि कृती यांच्यातल्या दरीचा आढावा घेतला. माहिती वाढली की वागणं आपोआप बदलतं हे साधं गणित टिकत नाही, मधे सोयी, पैसा, सवय आणि सत्ता असते, हा त्याचा गाभा आहे. हा लेख आपल्याकडच्या प्रबंधांत संदर्भ म्हणून येतो, पण त्याचा निष्कर्षावर परिणाम झालेला क्वचितच दिसतो.

रॉजर हार्ट यांची १९९२ ची मुलांच्या सहभागाची शिडीही इथे उपयोगी आहे. आठ पायऱ्यांच्या त्या शिडीत खालच्या तीन पायऱ्या सहभागात मोजल्याच जात नाहीत. मुलांना वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं, नावापुरतं विचारणं, या त्या तीन पायऱ्या. वृक्षारोपणाचा फोटो दुसऱ्या पायरीवर बसतो. ज्याचं पुढे काहीच होत नाही असा आपला सर्व्हे तिसऱ्या पायरीवर.

मग करायचं काय?

विषय सोडू नका, बांधणी बदला. माझ्या मते पाच गोष्टी पुरेशा आहेत.

१. आधी शाळा मोजा, मग माणसं. एक आठवडा पाणी, इंधन आणि कचरा यांची नोंद करा. टाकी दिवसातून किती वेळा भरते, गळती कुठे आहे, कचरा कुठे जातो. विज्ञानाकडून आलेल्यांना हे अवघड नाही. बादली, घड्याळ आणि वही पुरते. मतं कशाबद्दल विचारायची हे या नोंदींतून ठरेल.

२. प्रश्नात किंमत ठेवा. "पाणी वाचवावं का?" याऐवजी असं विचारा : शाळेकडे दहा हजार रुपये आहेत. टाकीची गळती, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी, कचऱ्याचा खड्डा, झाडांना कुंपण. क्रम लावा आणि कारण सांगा. शेतीतलं विचारायचं असेल तर खोडव्यातलं पाचट घ्या. जाळलं तर रान लगेच मोकळं होतं, ठेवलं तर ओल टिकते पण मशागतीला अडचण येते. तुमच्या घरी काय करतात, कोण ठरवतं, तुम्ही असता तर काय केलं असतं? इथे "पूर्ण सहमत" म्हणून सुटता येत नाही. मुलगा विचार करतो, आणि संशोधकाला तो विचारच हवा असतो.

३. भाषांतर तपासा. इंग्रजीतून मराठी आणि परत इंग्रजी एवढं पुरेसं नाही. पाच-सहा मुलांना प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला सांगा आणि "यातून तुला काय कळलं?" असं विचारा. संसाधनांचं ते विधान पहिल्याच दिवशी पकडलं जाईल.

४. नाव नको, दबाव नको. मुलं अठरा वर्षांखालची आहेत. पालकांची संमती घ्या आणि मुलाचा स्वतःचा होकारही घ्या. वर्गशिक्षक वर्गात नसावेत. हजेरी क्रमांक नको. आणि 'कर्मचारी' म्हणताना स्वयंपाकाच्या ताई आणि मामा यांना धरा. त्यांना फॉर्म देऊ नका, त्यांच्या सवडीने जाऊन बोला.

५. निष्कर्ष परत द्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार शासकीय आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीसाठी शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि शासकीय शाळांत शाळा विकास आराखडा करणं हे तिचं काम आहे. तुमचं दोन पानी टिपण मराठीत त्या बैठकीत गेलं पाहिजे. मुलांनी लावलेला क्रम आणि समितीने लावलेला क्रम यांत फरक निघाला, तर तो तुमच्या प्रबंधातला सगळ्यात चांगला तक्ता असेल.

"पण मग तुलना कशी करणार? प्रमाणित साधन नसेल तर गाईड मान्य करतील का?" हा प्रश्न रास्त आहे. तुलना हवी असेल तर प्रमाणित मापनी ठेवा, पण एक भाग म्हणून. तिचा गुण आणि किंमत असलेल्या प्रश्नांची उत्तरं शेजारी शेजारी मांडा. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथे थांबा आणि त्या मुलांशी बोला. व्हायवाला उभं राहून सांगता येईल असं काही त्यातूनच निघेल. असा नमुना दोनशेचा न होता साठचा होईल. चालेल. साठ जणांचं खरं मत हे दोनशे जणांच्या होकारापेक्षा जास्त माहिती देतं, आणि ते का, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहिता आलं की गाईडही ऐकतात.

सिनॉप्सिस जमा करायच्या आधी एकच चाचणी घ्या. तुमच्या प्रश्नावलीतला प्रत्येक प्रश्न वाचा आणि स्वतःला विचारा : याचं उत्तर "नाही" आलं तर या शाळेत काही वेगळं करावं लागेल का? ज्या प्रश्नाला "नाही लागणार" असं उत्तर मिळतं, तो खोडा. कदाचित ४० पैकी १२ उरतील. त्या बारांवर काम सुरू करा.